विश्लेषण : तिकीट काढून रात्रभर नाटक पाहणारी गावे! झाडीपट्टीत जे घडते, ते वाशिमच्या वऱ्हाडात का घडत नाही?

वाशिम : नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातील ‘आकांक्षित जिल्ह्यां’ची यादी जाहीर केली, तेव्हा त्यात महाराष्ट्रातील चार जिल्हे होते. नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), वाशिम आणि गडचिरोली. म्हणजे विकासाच्या शर्यतीत मागे राहिलेल्या जिल्ह्यांत वाशिम आणि गडचिरोली एकाच रांगेत उभे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार वाशिमची लोकसंख्या सुमारे ११ लाख ९७ हजार, तर गडचिरोलीची सुमारे १० लाख ७२ हजार. दोन्ही जिल्हे विदर्भातले, दोन्हीकडे शेतीवर पोट, दोन्हीकडे मोठे उद्योग नावापुरते.

तरीही एका बाबतीत गडचिरोली वाशिमच्याच नव्हे, पुण्या-मुंबईच्याही पुढे आहे. दिवाळी ते होळीदरम्यान तिथल्या खेड्यांत लोक थंडीत कुडकुडत, तिकीट काढून, रात्रभर नाटक पाहतात. नाट्यगृह नाही, वातानुकूलन नाही, ऑनलाइन बुकिंग नाही. तरी मंडप भरतो. ही आहे झाडीपट्टी रंगभूमी. ती चालते कशी, त्यातून गावाला काय मिळते आणि साडेतीनशे-चारशे किलोमीटरवरच्या वाशिम जिल्ह्यात तसे का घडत नाही, हे समजून घेऊ.

झाडीपट्टी म्हणजे नेमका कोणता भाग?

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील जंगल आणि धानशेतीच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे जंगल. इथली बोली झाडीबोली. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीचा आणि तिथल्या लोककलांचा आयुष्यभर अभ्यास केला, म्हणून तिचे वेगळेपण उर्वरित महाराष्ट्राला कळले.

या रंगभूमीचे मूळ दंडार आणि खडी गंमत या लोककलांमध्ये सांगितले जाते. दंडारीत गाणे, नाच, सोंग आणि संवाद एकत्र येतात. पुढे पौराणिक, ऐतिहासिक आणि मग सामाजिक नाटके आली. संगीत मात्र सुटले नाही. पेटी, तबला यांच्या जोडीला आता ऑक्टोपॅड आणि की-बोर्ड आले आहेत, एवढाच फरक.

या सगळ्या व्यवहाराचे केंद्र आहे गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडी वडसा. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे हे गाव. पन्नासच्या आसपास नाट्यमंडळे या पट्ट्यात काम करतात आणि त्यांतल्या अनेकांची कार्यालये वडशात आहेत. हंगामाच्या तोंडावर गावोगावचे आयोजक इथे येतात, फलक पाहतात, नाटक आणि तारीख ठरवून जातात. म्हणूनच या उद्योगाला गमतीने ‘झॉलीवूड’ म्हणतात. याच नावाचा तृषांत इंगळे दिग्दर्शित मराठी चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला होता.

हंगाम दिवाळीनंतरच का?

याचे उत्तर धानात आहे. झाडीपट्टीतील बहुतांश शेती एका पिकाची. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. धान घरात आले की हातात थोडे पैसे येतात आणि बांध्या रिकाम्या होतात. त्याच रिकाम्या जागेत मंडप उभा राहतो.

भाऊबीजेपासून गावोगावी ‘मंडई’ भरायला सुरुवात होते. मंडई म्हणजे एका दिवसाची जत्रा. दिवसा दुकाने, दंडार, काही गावांत शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. मंडईच्या दिवशी घरोघरी पाहुणे असतात. लेक-जावई येतात, सोयरे येतात, उपवर मुला-मुलींची बोलणीही याच गर्दीत होतात. नाटक हे या भेटीगाठींचे निमित्त असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद झाल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींसह त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. मधली सात वर्षे शंकरपट थांबला, पण नाटक थांबले नाही. करोनाच्या काळात २०२० चा हंगाम मात्र हातचा गेला. वर्षाची कमाई चार-पाच महिन्यांत करणाऱ्या कलावंतांसाठी तो मोठा फटका होता.

पैसा कसा फिरतो?

झाडीपट्टीचे खरे वेगळेपण इथे आहे. मुंबई-पुण्यात निर्माता नाट्यगृह भाड्याने घेतो, तिकिटे विकतो आणि नफा-तोटा त्याचा असतो. झाडीपट्टीत जोखीम गाव घेते.

गावातील तरुण किंवा एखादे मंडळ नाट्य कंपनीशी ठरलेल्या रकमेचा करार करते. आगाऊ रक्कम देऊन तारीख पक्की होते. मंडप, जागा, प्रचार, परवानगी, तिकीटविक्री ही जबाबदारी गावाची. कलावंत, वादक, नेपथ्य, प्रकाश आणि ध्वनी ही कंपनीची. रात्री जमलेली तिकिटांची रक्कम ठरलेल्या खर्चापेक्षा जास्त झाली, तर नफा गावाचा. कमी झाली, तर खड्डा आयोजकांच्या खिशाला.

त्यामुळे ज्या गावाने नाटक ठेवले, त्या गावातील प्रत्येक घर त्याचे फुकटचे प्रचारक होते. शेजारच्या गावात आज नाटक असेल तर आपण आपले उद्या ठेवू, त्यांच्या नाटकाला आपण जाऊ, आपल्या नाटकाला ते येतील, अशी समजूत असते. नफ्यातून मंदिराची दुरुस्ती, शाळेला मदत, समाजमंदिराला भांडी, सतरंज्या अशी कामे झाल्याची उदाहरणे या भागात जागोजागी ऐकायला मिळतात. मंडपवाला, चहावाला, भजीवाला, गाडीवाला, फलक रंगवणारा यांचाही हंगाम याच नाटकांवर चालतो.

कलावंतांच्या कामाचे प्रमाण किती असते, याचा अंदाज एका उदाहरणावरून येतो. गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शेती करणारा हा विनोदी नट ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हणून ओळखला जातो. ५ हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे ८०० भूमिका, अशी त्यांची कारकीर्द सांगितली जाते. ही कारकीर्द पाच दशकांची धरली, तर वर्षाला सरासरी १०० प्रयोग होतात. हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा. म्हणजे हंगामातल्या दर तीन रात्रींपैकी दोन रात्री रंगमंचावर! त्यात रात्री दहाच्या सुमारास सुरू होणारे नाटक पहाटेपर्यंत चालते.

नाटकात असते काय?

बहुतेक नाटके सामाजिक आणि भावनाप्रधान. हुंडा, दारू, भावाभावांतली वाटणी, सासू-सून, सावकारी, राजकारण, अंधश्रद्धा, शेतकरी आत्महत्या असे विषय वर्षानुवर्षे येत राहतात. मुख्य पात्रे बहुधा प्रमाण मराठीत बोलतात. विनोदी पात्र मात्र झाडीबोलीत. टाळ्या कोणाला जास्त पडतात, हे सांगायला नको.

तालमींना वेळ कमी असल्याने प्रॉम्प्टर हा या रंगभूमीचा कणा. आज एका नाटकात बाप, उद्या दुसऱ्यात पाटील, परवा तिसऱ्यात इन्स्पेक्टर अशी कामे करणाऱ्या नटाला सगळे संवाद पाठ राहणे शक्य नसते. आडोशाला बसलेला प्रॉम्प्टर वाक्य पुढे सरकवत राहतो.

पूर्वी स्त्री भूमिका पुरुषच करत. आता नागपूरसह अनेक शहरांतून अभिनेत्री आणि गायिका हंगामासाठी वडशात मुक्कामाला येतात. मालिका-चित्रपटांतील चेहरेही पाहुणे कलाकार म्हणून बोलावले जातात.

सगळे चांगलेच आहे का?

नाही. या रंगभूमीवरची टीका तिच्या प्रेक्षकांमधूनच होते. पल्लेदार नावे, ताणलेला मेलोड्रामा, द्विअर्थी विनोद, कथेशी संबंध नसलेल्या लावण्या आणि रेकॉर्डिंगवरचे नाच वाढले, अशी तक्रार जुने प्रेक्षक करतात. बाहेरच्या ‘स्टार’मुळे कंपनीचा दर चढतो आणि छोट्या गावाला तो झेपत नाही. कलावंतांना ना भविष्य निर्वाह निधी, ना विमा. रात्रीचे प्रवास, जंगलातले रस्ते, हंगाम संपला की पुन्हा शेती किंवा मजुरी. वय झाले, आवाज गेला की हाती फारसे काही उरत नाही.

तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. अनुदान असो वा नसो, ही रंगभूमी प्रेक्षकांच्या पैशावर उभी आहे. प्रेक्षकाने पाठ फिरवली, तर ती दुसऱ्या वर्षी बंद पडेल. तसे अजून झालेले नाही.

मग वाशिममध्ये असे का नाही?

वाशिमला नाटक-काव्याचे वावडे होते, असे इतिहास सांगत नाही. आजचे वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या शाखेचा राजा सर्वसेन याने प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य रचले. संस्कृत नाटककार राजशेखर याने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मात झाला, अशी कथा सांगितली आहे. साहित्याचे लग्न लागले ते गाव आपले, हे वाशिमकरांनी अभिमानाने सांगावे असे आहे. पण अभिमानावर मंडप भरत नाही.

पहिले कारण पिकाचे. वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. सोयाबीन दिवाळीआधी निघते, पण त्यावर उधारी, बियाण्याचे देणे, पीककर्ज टपलेले असते. लगेच हरभरा पेरायचा. तूर उभी असते. कृषिपंपाला रात्रपाळीची वीज आली की शेतकरी रात्री पाणी द्यायला जातो; रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला जागलीवर जातो. झाडीपट्टीत हिवाळ्याची रात्र मोकळी असते, वऱ्हाडात ती शेतात जाते. त्यातच मानोरा, मंगरुळपीर, मालेगावच्या तांड्यांवरून अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर बाहेर पडतात. नाटक पाहायला गावात माणूसच कमी.

दुसरे कारण तिकिटाच्या सवयीचे. वऱ्हाडातील गावे कार्यक्रम करत नाहीत असे नाही. हरिनाम सप्ताह, भागवत सप्ताह, कीर्तन, गणेशोत्सव, भीमजयंतीचे गायन, होळीला बंजारा तांड्यांवरची लेंगी, या सगळ्यांवर गाव खर्च करते. पण तो खर्च वर्गणीतून होतो आणि कार्यक्रम सर्वांना मोफत असतो. वर्गणीची आपली पद्धत चांगलीच आहे, कारण ज्याच्याकडे पैसे नाहीत तोही पुढच्या रांगेत बसतो. पण त्यातून कलावंताला नियमित काम मिळेल अशी बाजारपेठ तयार होत नाही. एक सप्ताह संपला की पुढचा वर्षाने.

तिसरे कारण केंद्राचे. झाडीपट्टीला वडसा आहे. आयोजकाला नट, वादक, पडदे, दिवे, लेखक सगळे एका गावात सापडतात. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर यांपैकी कुठेही असे गाव तयार झाले नाही. जिल्हाच १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. नाटक करायचे तर अकोला, अमरावती किंवा नागपूर, हीच सवय राहिली.

म्हणजे वऱ्हाडात रंगभूमी नव्हतीच?

होती, पण तिने नाटकाचे नाव घेतले नाही. गाडगेबाबांचे कीर्तन आठवा. बाबा प्रश्न विचारत, समोरचा जमाव उत्तर देत असे आणि त्या उत्तरातच नवससायास, कर्ज, दारू यांची झाडाझडती होई. दोन पात्रांचे नाटकच ते. एक पात्र बाबा, दुसरे अख्खे गाव. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने, आंबेडकरी जलसे, भारूड, गोंधळ यांनी वऱ्हाडातल्या गावाला एकत्र बसवून प्रश्न विचारण्याचे काम केले. झाडीपट्टीचे नाटक जे करते, तेच.

दुसरीकडे, वऱ्हाडचा माणूस मराठी नाटकात आला तो मोठ्या शहरांच्या रंगमंचावर. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे जन्मलेले महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ विदर्भातील एका खेड्यातल्या देशपांडे कुटुंबाचे नाटक. ते १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनात मुंबईत रंगमंचावर आले आणि आधुनिक मराठी नाटकातील मैलाचा दगड ठरले. वऱ्हाडच्या वाड्यातली घुसमट राज्याने पाहिली, पण ज्या खेड्यांतून ती आली, त्या खेड्यांपर्यंत नाटक पोहोचवणारी व्यवस्था नव्हती.

नाटकाने खरेच काही बदलते का?

याचे उत्तर वाशिमच्या शेजारीच सापडते. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा आणि वाशिम हे ते जिल्हे. त्यानंतर आत्महत्यांचे आकडे दरवर्षी छापून येत राहिले. मागे राहिलेल्या बायकांचे काय होते, हे आकड्यांत दिसत नव्हते.

ते दिसले ‘तेरवं’ या नाटकात. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात विदर्भातील शेतकरी कुटुंबांतील महिला आणि मुली स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांतल्या अनेकींच्या घरात आत्महत्या झालेली. तेरवं म्हणजे तेरावा. नवऱ्याचा तेरावा झाला की गाव आपापल्या कामाला लागते. त्या बाईचे मात्र तिथूनच सुरू होते. जमिनीवर नाव लागत नाही, सासरी हक्क मिळत नाही, कर्ज मात्र तिच्या नावाने विचारले जाते. हे सांगायला व्यावसायिक नट्या घेतल्या नाहीत. सांगणाऱ्या त्याच होत्या.

या नाटकात काम करणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील वैशाली येडे यांचे नाव पुढे साऱ्या महाराष्ट्राला कळले. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने वाद पेटला होता. अखेर संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी त्यांनी यवतमाळ-वाशिम मतदारसंघातून लोकसभेची निवडणूकही लढवली. त्या निवडून आल्या नाहीत. पण चारचौघांत बोलायची चोरी असलेली बाई हजारोंसमोर माईक धरून उभी राहिली. त्याआधी तिने जिथे बोलून पाहिले, ती जागा रंगमंचाची होती.

गावाला रंगभूमी कशासाठी हवी, याचे ठोस उत्तर हेच आहे. करमणूक मोबाइलवरही मिळते, आणि तीही फुकट. पण आपल्या गावाची अडचण, आपल्या बोलीत, आपल्याच माणसाच्या तोंडून, शेजाऱ्यासोबत बसून ऐकण्याची सोय मोबाइलवर नाही. एकट्याने पाहिलेला व्हिडिओ पुढे ढकलता येतो. भर मंडपात सावकाराचे पात्र उभे राहिले आणि गावातला सावकारही चार रांगा पुढे बसलेला असला, की कोणालाच ते पुढे ढकलता येत नाही.

वाशिमला काय करता येईल?

नाट्यगृह बांधून द्या, ही नेहमीची मागणी. शहरासाठी ती योग्यही आहे. पण झाडीपट्टी सांगते की नाट्यगृह ही पहिली गरज नाही. पहिली गरज तारखेची. वर्षातली कोणती रात्र नाटकाची, हे गावाला माहीत हवे. वऱ्हाडात हिवाळा शेतात जात असेल, तर हरभरा निघाल्यानंतरच्या यात्रांचे दिवस आहेत. रामनवमीला पोहरादेवीत सेवालाल महाराजांच्या दर्शनाला राज्याबाहेरूनही बंजारा समाज येतो. तिथेच ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. संग्रहालयात समाजाचा इतिहास पाहायला मिळतो. तोच इतिहास गोरमाटी बोलीत रंगमंचावर आला, तर त्याला प्रेक्षक शोधावा लागणार नाही.

दुसरी गरज वाटून घेण्याची. एका गावाला नाटक परवडत नसेल, तर पाच गावांनी मिळून पाच रात्री ठरवाव्यात. कलावंतांचा प्रवास आणि मंडपाचा खर्च विभागला जातो. वर्गणीची सवय मोडायची गरज नाही. वर्गणीतून मंडप आणि तिकिटातून कलावंताचे मानधन, असा मधला मार्ग निघू शकतो. रस्त्यांचे म्हणाल, तर समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव परिसरातून धावतो आहे. नागपूरहून मुंबईला माल आणि माणसे वेगाने जाऊ लागली. त्याच रस्त्याने झाडीपट्टीची एखादी कंपनी वाशिमला यायलाही हरकत नाही.

तिसरी गरज लिहिणाऱ्यांची. सोयाबीनचा भाव, पीकविमा, रात्रीची वीज, लग्न न होणारी शेतकऱ्यांची पोरे, ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची गावात राहिलेली मुले. विषय गावागावांत पडून आहेत. वऱ्हाडी बोली टीव्हीवर विनोदासाठी वापरली जाते. तिच्यात रडता येते आणि भांडताही येते, हे दाखवायला नाटक लागेल.

झाडीपट्टी जशीच्या तशी उचलून वऱ्हाडात लावता येणार नाही. धानाच्या बांधीत जे उगवते ते काळ्या कसदार रानात उगवेलच असे नाही. पण एक आकडा लक्षात ठेवावा. यादीत शेजारी असलेल्या, लोकसंख्येने वाशिमपेक्षा लहान असलेल्या जिल्ह्यातील एका गावाच्या भोवती पन्नासच्या आसपास नाट्यमंडळे जगतात. वाशिमने सुरुवात एका मंडळापासून आणि एका रात्रीपासून केली, तरी चालेल.